रिकामा मनोरा आणि देवळातली घंटा

वाचकहो, तुमच्या गावच्या देवळातली घंटा तुम्ही कधी वाचली आहे काय? वाजविली आहे काय, असे मी विचारीत नाही. घंटा न वाजविता देवळात शिरणारा मनुष्य आपल्याकडे विरळा. पण मान वर करून, तिच्या अंगावर काही लिहिले आहे का, हे कधी पाहिले आहे काय? प्रश्न जरा विक्षिप्त वाटेल. मलाही तो तसाच वाटला होता. एका विद्यार्थ्याने तो मला विचारला, आणि अठरा-वीस वर्षे इतिहास शिकविणाऱ्या मला ‘नाही बुवा’ असे उत्तर द्यावे लागले.

ही हकीगत सुरू झाली ती मात्र देवळात नव्हे, चर्चमध्ये.

इतिहासाचा तास म्हणजे काय, हे शिक्षक मंडळींना मी सांगायला नको. वेढा पडला, तह झाला, अमुक साली अमुक किल्ला घेतला. फळ्यावर सनावळी आणि बाकांवर जांभया. एका वर्षी मी ठरविले की, मुलांना वर्गात वसईची मोहीम सांगायचीच नाही. त्यांना वसईलाच न्यायचे आणि तिथे लहान मुलांचा खेळ खेळायचा, लपलेल्या खजिन्याचा. एक चिठ्ठी द्यायची, तिच्यात कोडे. कोडे सुटले की त्या जागी दुसरी चिठ्ठी. बी. ए.च्या वर्गाला असला पोरखेळ शोभतो का, अशी आमच्याकडे थोडी कुजबुज झाली. व्हायचीच. पण प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा होता, म्हणून कोणी अडविले नाही.

आमची मुले बहुतेक घाटावरची. वसईजवळच्या एका खेड्यातल्या चर्चच्या दारात आम्ही सकाळी पोचलो तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा, “सर, आपल्याला आत सोडतात का? चपला कुठे काढायच्या?” तिथल्या फादरांना मी आधी पत्र घातले होते. ते हसून म्हणाले, “चपला असू द्या. आवाज मात्र बाहेर काढून ठेवा.” आणि त्यांनी आमची तीस पोरे आत घेतली.

पहिली चिठ्ठी सोपी होती. ‘ज्यातले पाणी कोणी पीत नाही असे भांडे शोधा.’ एका टोळीला दाराजवळच भिंतीत बसविलेली लहानशी दगडी वाटी सापडली. येणारा भाविक तिच्यात बोटे बुडवितो आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण करतो. दुसऱ्या टोळीला आत एक मोठे दगडी कुंड दिसले; ते बाप्तिस्म्याचे. मूल जन्मले की त्याच्या डोक्यावर इथले पाणी घालायचे आणि नाव ठेवायचे. दोन्ही टोळ्या आपलेच भांडे खरे म्हणून हमरीतुमरीवर आल्या. मी कोडे घालताना दुसऱ्या भांड्याचा विचारच केला नव्हता. निवाडा फादरांनी दिला, दोघांनाही पास करून.

दुसरी चिठ्ठी होती, ‘या दारातून तुमच्या घरात शिरलेले दहा शब्द शोधा.’ या चिठ्ठीशी बराच वेळ गेला. आधी एकच सापडेना. मग मी ‘पाद्री’ हा शब्द त्यांना दिला आणि म्हटले, आता ज्यांनी हे पाद्री आणले त्यांनी आणखी काय काय आणले ते आठवा. पोर्तुगीजांची गलबते आपल्या किनाऱ्याला लागली आणि त्यांच्याबरोबर अमेरिकेतली फळेही आली: अननस, पेरू, काजू. फळे आली तशी नावेही आली. बटाटा त्यांचाच, कोबी त्यांचाच, पाव तर त्यांचा आहेच. ज्या हापूसची आपल्याला एवढी घमेंड, त्याचे नाव आफोन्सो या पोर्तुगीज नावावरून आलेले आहे. दाराची बिजागरी आणि कुलपाची चावी, दोन्ही त्यांच्या. लिलाव त्यांचा, तुरुंग त्यांचा. आणि महिन्याच्या एक तारखेला आपण ज्याची वाट पाहतो तो पगार, तोही त्यांचाच शब्द! ‘घमेले’ हा शब्द मी सांगितला तेव्हा मागे उभा असलेला एक मुलगा म्हणाला, “सर, माझे वडील गवंडीकाम करतात. आमच्या घरात चार घमेली आहेत.” तो वर्गात कधी बोलत नसे. त्या दिवशी मात्र त्याने आणखी दोन शब्द सुचविले. त्यातला एक चुकीचा होता, तो अरबी निघाला. पण त्याने काही बिघडले नाही. ज्या भाषेला आपण परकी म्हणतो तिचे तुकडे आपल्या बापाच्या डोक्यावरच्या घमेल्यात आहेत, हे त्याला कळले.

त्याच खेड्यातल्या दफनभूमीत मराठी अक्षरे कोरलेले दगड पाहून मुले पुन्हा चकित झाली. फादर म्हणाले, “अहो, आम्ही प्रार्थना मराठीत करतो, भांडतोही मराठीतच!” १९६० च्या दशकात रोमच्या धर्मपरिषदेने लोकभाषांना मोकळीक दिली आणि लॅटिनची जागा मराठीने घेतली. गावच्या घरांतली बोली मात्र त्यापूर्वी कित्येक पिढ्यांपासून मराठीच्याच कुळातली आहे.

तिसरी चिठ्ठी घंटेची. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन वेळा प्रार्थनेची घंटा होते. शेतातला मनुष्य ती ऐकून हातातले काम थांबवितो. बाराची घंटा वाजविण्याचा मान फादरांनी आमच्यातल्या एका मुलीला दिला. तिने दोर ओढला. वाजले काहीच नाही! देवळातल्या घंटेची लोळी, म्हणजे आतला लोलक, आपण हाताने हलवितो आणि घंटा जागच्या जागी राहते. इथे तसे नव्हते. इथे आडव्या लाकडाला टांगलेली सबंध घंटाच झोका घेते, आणि पुरेसा झोका मिळाला म्हणजे लोळी तिच्या काठावर आदळते. दोर नुसता जोराने ओढून भागत नाही, लयीत ओढावा लागतो. तिसऱ्या-चौथ्या झोक्याला नाद उठला आणि आमची मुलगी दोराबरोबर वीतभर वर उचलली गेली. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

दुपारी आम्ही किल्ल्यात गेलो.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ च्या डिसेंबरात वसई पोर्तुगीजांना तहाने दिली, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधली दोनशे पाच वर्षे तिथे पोर्तुगीज राज्य होते. किल्ला म्हणजे तटबंदीत वसलेले शहरच ते. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा चार पंथांच्या साधूंचे मठ, त्यांची चर्चे, इस्पितळ, श्रीमंतांचे वाडे. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानात गेला आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मेला. १८६२ साली रोमने त्याला संतपद दिले. आज यांतल्या बहुतेक इमारतींना छप्पर नाही. भिंतींना पिंपळाने धरले आहे.

किल्ल्यातल्या संत जोसेफच्या चर्चजवळ चौथी चिठ्ठी होती. ‘दारावर ज्याचे नाव आहे तो आत कुठे निजला आहे?’ हे कोडे माझे नव्हे. मी ते डॉ. गर्सन द कुन्हा यांच्या पुस्तकातून उचलले. गोव्यात जन्मलेले हे वैद्यकाचे डॉक्टर मुंबईत दवाखाना चालवीत आणि उरलेल्या वेळात इतिहास उकरीत. चौल आणि वसई यांच्या पुरातन अवशेषांवरचे त्यांचे पुस्तक १८७६ साली छापले गेले. तेव्हा जे शिलालेख वाचता येत होते ते त्यांनी त्यात नोंदवून ठेवले, हे त्यांचे आपल्यावर मोठे उपकार. त्यांच्या नोंदीप्रमाणे दारावरच्या लेखात १६०१ हे साल आहे. गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या कारकीर्दीत, पेद्रो गाल्व्हांव हा पाद्री इथे असताना या चर्चची नव्याने उभारणी झाली, असा त्याचा आशय. आणि हाच गाल्व्हांव आपण वाढविलेल्या त्या चर्चच्या जमिनीखाली पुरला गेला. मुले पालथी पडून, तोंडाने फुंकर घालून दगडावरची माती उडवीत होती. एखादे अक्षर दिसले की आरडाओरडा. अर्धा तास वाद चालला होता. मी कडेला बसून शेंगा खात होतो. वर्गात याच मुलांना मी ‘शिलालेख हे इतिहासाचे साधन आहे’ हे वाक्य लिहून दिले होते, त्या वेळी कोणीही वाद घातला नव्हता.

शेवटची चिठ्ठी संत जोसेफच्या मनोऱ्यात. अंधाऱ्या, गोल, अरुंद जिन्याने वर जायचे. वर गेले की सारा किल्ला पायाखाली. एका बाजूला खाडी, पलीकडे समुद्र. चिठ्ठीत एवढेच लिहिले होते, ‘इथे काय नाही?’

मुले म्हणाली छप्पर नाही, माणसे नाहीत, एक जण म्हणाला पिण्याचे पाणी नाही. मग सकाळी जिने दोर ओढला होता तीच मुलगी कमानीकडे पाहून म्हणाली, “घंटा नाही.”

खजिना तो हाच, वाचकहो. मी मोठ्या ऐटीत सांगायला सुरुवात केली की, वसई पडल्यावर मराठ्यांनी चर्चमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून नेल्या आणि त्या देवस्थानांना वाहिल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा प्रसिद्धच आहे. तेवढ्यात नाशिककडच्या एका मुलाने मला मध्येच तोडले, “सर, नारोशंकराची घंटा आमच्या रोजच्या बोलण्यात आहे. एखाद्याचा आवाज मोठा असला की म्हणतात, ही बघा नारोशंकराची घंटा. पण सर, तुम्ही ती वाचली आहे का?”

मी वाचली नव्हती. पुस्तकात वाचले होते. घंटा वाचली नव्हती.

तेव्हा खेळ तिथे संपला नाही. दिवाळीच्या सुटीत जो तो आपल्या बाजूच्या देवळात जाऊन घंटा पाहणार, असे ठरले. मी स्वतः तीन ठिकाणी गेलो.

नाशिकला पंचवटीत गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ आहे. नारोशंकर राजेबहाद्दर या पेशव्यांच्या सरदारांनी ते १७४७ साली बांधले. देवळापुढे नदीच्या अंगाला ती प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर साल आहे १७२१. गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढले आणि नारोशंकराच्या घंटेला लागले की नाही, यावरून नाशिककर पुराचे मोजमाप करतात.

भीमाशंकराच्या देवळाच्या आवारात दोन खांबांमध्ये टांगलेली घंटा आहे. तिच्यावरचे साल १७२९. ती चिमाजी अप्पांनी वाहिली, असे तिथे परंपरेने सांगतात.

तिसरी मेणवलीची. वाईपासून जवळच, कृष्णेच्या काठी नाना फडणिसांचा वाडा, त्याच्या मागे सुरेख दगडी घाट, आणि घाटावर देवळांच्या शेजारी लहानशा दगडी बांधकामात टांगलेली घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम आहे, आणि साल आहे १७०७. म्हणजे औरंगजेब ज्या वर्षी मेला त्या वर्षी ही घंटा ओतली गेली.

आता या तीन आकड्यांशी जरा बसा. १७०७, १७२१, १७२९. तिन्ही १७३९ च्या आधीचे. म्हणजे वसईची हकीगत निदान खोटी पडत नाही. पण शंका इथूनच सुरू होतात. वसईची चर्चे सोळाव्या शतकातली आणि घंटा अठराव्या शतकातल्या, हे कसे? याचे उत्तर आपल्या ओताऱ्याला विचारा. घंटेचे कासे म्हणजे तांबे आणि कथील. ढोबळ मानाने चार भाग तांबे, एक भाग कथील. कथील जास्त म्हणून नाद चांगला, पण कथील जास्त म्हणूनच धातू ठिसूळ. वर्षानुवर्षे एकाच जागी लोळीचा घाव बसला की तिथे तडा जातो, घंटा बद्द वाजू लागते. मग ती फोडून, वितळवून पुन्हा ओतायची. जुन्याच धातूची घंटा, पण साल नवे.

दुसरी शंका याहून मोठी. चिमाजी अप्पा वसई घेतल्यानंतर दोन वर्षेसुद्धा जगले नाहीत. १७४० च्या डिसेंबरात ते वारले. नाशिकचे देऊळ १७४७ चे. नाना फडणिसांचा तर जन्मच १७४२ चा! वसई पडली तेव्हा जो मनुष्य जन्मलाही नव्हता, त्याच्या घाटावर वसईची घंटा कशी आली? मधली वर्षे ती कुठे होती? कोणाच्या कोठीत, कोणाच्या देवघरापुढे? ‘चिमाजी अप्पांनी घंटा वाहिल्या’ हे वाक्य उच्चारायला सोपे आहे. पण प्रत्येक घंटेची वाट निराळी असली पाहिजे, आणि ती एकेक शोधावी लागेल. वसईच्या मोहिमेचे कागद विपुल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद छापले, त्यांत या मोहिमेवर एक सबंध खंड आहे. ज्या शिक्षकांना मोठ्या ग्रंथालयात जाण्याची संधी मिळते त्यांनी तो अवश्य चाळावा.

शिवाय सगळ्याच परक्या घंटा वसईच्या असे म्हणता येत नाही. पोर्तुगीज नुसते वसईतच नव्हते. ठाणे आणि साष्टी मराठ्यांनी १७३७ सालीच घेतली होती, आणि पुढे रेवदंडा व कोर्लई हीदेखील त्यांच्या हाती आली. घंटा तिथलीही असू शकेल. याबाबतीत माझी झालेली फजिती सांगतो. एका गावी देवळात मोठी, परक्या घडणीची घंटा पाहिली आणि तिथल्या तिथे मी वीस-पंचवीस गावकऱ्यांसमोर लहानसे व्याख्यान ठोकले: चिमाजी अप्पा, वसई, सुरुंग, भगवा झेंडा. लोक भारावून गेले. माझा एक विद्यार्थी तेवढ्या वेळात शिडी लावून वर चढला होता. तो वरूनच म्हणाला, “सर, यावर अठराशे एकसष्ट आहे. आणि अक्षरे इंग्रजी आहेत.” म्हणजे वसई पडून सव्वाशे वर्षे झाल्यावर कोणा भाविकाने पैसे मोजून विकत आणलेली विलायती घंटा! गावकऱ्यांनी तरीही मला चहा पाजला.

तुम्ही घंटा पाहायला जाल तेव्हा आधी पुजाऱ्यांना विचारा. न विचारता शिडी लावू नका. मग वरच्या कड्या पाहा. चर्चची घंटा आडव्या लाकडाला जखडून झुलवायची असते, म्हणून तिच्या माथ्यावर एकाच ओतकामात ओतलेल्या जाड कड्या असतात. सकाळच्या त्या दोराची आठवण यासाठीच ठेवायला सांगितली होती. आपल्या ओताऱ्यांच्या लहान घंटेला बहुधा एकच कडी, कधी तिच्यावर नंदी किंवा नाग. चर्चच्या घंटेचा खांदा गोलसर, कंबर आत गेलेली आणि तोंड बाहेर पसरलेले. अंगावर उठावाची आडवी वलये, पायऱ्यांवर उभा केलेला क्रूस, कधी आयएचएस ही येशूच्या नावाची तीन अक्षरे. अक्षरे कोरलेली नसतात, उठावाची असतात. साच्यात ती उलटी उमटवून ठेवली म्हणजे ओतताना सुलटी येतात. साल सापडले आणि ते १७३९ नंतरचे असले, तर माझ्यासारखे व्याख्यान देऊ नका.

ठसा घेणे सोपे आहे. पातळ कागद अक्षरांवर धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलके घासायची. सातवी-आठवीची मुले हे उत्तम करतात. तोंडाचा घेर सुतळीने मोजा, त्याला ३.१४ ने भागले की व्यास मिळाला, आणि गणिताच्या गुरुजींचाही एक तास सार्थकी लागला! एक मात्र करू नका. अक्षरे स्वच्छ दिसावीत म्हणून चिंच, आम्ल, विटेची पूड, काचकागद यांपैकी काहीही लावू नका. दोनशे-तीनशे वर्षे टिकलेले साल एका दुपारी पुसले जाते.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. आमच्या मुलांनी त्या सुटीत पाहिलेल्या घंटांपैकी दोन तैलरंगाने रंगविलेल्या होत्या, एक चंदेरी, एक भगवी, आणि त्यांच्यावरचे काही म्हणता काही वाचता येईना. एका गावी मुलगा पोचला तेव्हा देवळाचा जीर्णोद्धार नुकताच झाला होता. नवी चकचकीत घंटा टांगलेली. जुनी कुठे, असे त्याने विचारले. जुनीला तडा होता, ती मोडीत घातली. किती वजनाची होती, तेवढे गावातल्यांना आठवत होते. तिच्यावर काय होते, हे कोणालाच आठवत नव्हते. ‘काहीतरी चित्र होते बाईचे,’ असे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. आमच्या वहीत त्या घंटेची नोंद एवढीच आहे.

आता एक नाजूक गोष्ट. आमच्या वर्गात वसईकडचीच एक ख्रिस्ती मुलगी होती. सहलीत ती सर्वांच्या पुढे होती, पण घंटांच्या गोष्टी निघाल्या की गप्प होई. एक दिवस ती मला म्हणाली, “सर, या घंटा आमच्या ना? मग तुम्ही सगळे ‘मिळविल्या’ म्हणता, ‘नेल्या’ म्हणत नाही.” तिचे म्हणणे खरे होते. मी तिला सांगितले की, ही लढाईतली लूट होती, तिला दुसरे नाव देऊ नये. आणि त्याबरोबर तिला हेही सांगितले, कारण ते न सांगणे तिच्याशी अप्रामाणिकपणाचे झाले असते, की दोनशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलात वसई-साष्टीतली देवळे पाडली गेली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यात शिवाच्या मूर्तींसमोर भिंत घालून त्याचे चर्च केले होते. १७३९ नंतर तिथे पुन्हा शिवाची पूजा सुरू झाली. तहाच्या वेळी मात्र मराठ्यांनी पोर्तुगीज सैन्याला मानाने जाऊ दिले, मागे राहिलेल्या ख्रिस्ती प्रजेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली, आणि काही चर्चे चालू राहू दिली. म्हणून तर ती स्वतः आज ख्रिस्ती आहे आणि मराठी बोलते आहे. ती म्हणाली, “म्हणजे सर, दोन्ही बाजूंनी घेतले.” मी म्हटले, “होय.” याच्यापलीकडे मला काही सुचले नाही. आजही सुचत नाही. घंटा परत द्याव्यात की नाही, यावर मुलांनी वर्गात एक सबंध तास वाद घातला, आणि निकाल लागला नाही.

तिला मेणवलीला यायचे होते. आम्ही पाच-सहा जण गेलो. मार्गशीर्षाचे दिवस, कृष्णेला पाणी संथ. घाटाच्या पायऱ्यांवर बायका धुणे धूत होत्या. ती घंटेखाली जाऊन उभी राहिली. वर मरियमेची आकृती. तिने हात जोडले नाहीत, क्रुसाची खूणही केली नाही. मला वाटते, कोणते करावे हे तिला ठरविता येईना. तिथे देवदर्शनाला आलेल्या एका वृद्ध बाईंनी तिला विचारले, “काय बघतेस गं बाळ?” तिने सांगितले, “आजी, ही मारियामाय आहे. आमची देवी.” त्या बाईंनी पदराने चष्मा पुसला, वर पाहिले, आणि म्हणाल्या, “कडेवर लेकरू आहे खरं. मी इतकी वर्षं येते, मला वाटायचं यशोदा.”

मग आमच्या पोरीने लोळी धरून एकदा टोला दिला. नाद बराच वेळ पाण्यावर राहिला.

घरी गेल्यावर तिने आपल्या आजीला हे सांगितले. आजीने घंटा कोणाची, कोणी नेली, असे काही विचारले नाही. एवढेच विचारले, “रोज वाजवतात का तिथे?”

यंदाच्या सुटीत रेवदंड्याला जाण्याचा बेत आहे. तिथे माडांच्या बागांतून वर डोकावणारा पोर्तुगीजांचा जुना मनोरा आहे. लोक त्याला सातखणी म्हणतात. घंटा तिथेही नाही. अलिबाग, रोहा, मुरूड या बाजूच्या ज्या शिक्षकांच्या गावी देवळात जुनी मोठी घंटा असेल, त्यांनी तेवढा एक कागद आणि एक शिसपेन्सिल घेऊन आमच्या आधीच तिच्याखाली उभे राहावे. आम्ही पोचेपर्यंत तिला कोणी रंग दिला नाही म्हणजे झाले.